खळदकर बाई आणि माझ्या भुवया

माझा चेहरा फार बोलका आहे, असं मला लहानपणापासून सांगण्यात आलं आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात राणीपासून चेटकिणीपर्यंत सगळ्या भूमिका माझ्या वाट्याला यायच्या त्या या चेहऱ्याच्या जोरावर. कथाकथनाच्या स्पर्धांत मिळवलेले सात करंडक सदाशिव पेठेतल्या माहेरच्या कपाटात अजून आहेत आणि आई ते दर दिवाळीला पुसते. लग्न ठरवताना सासरच्या मंडळींनीही 'मुलगी बोलक्या चेहऱ्याची आहे' असा शेरा दिला होता. तो कौतुकाचाच आहे असं मी पुढची अठरा वर्षं धरून चालले. हा चेहरा म्हणजे एक अडथळा आहे आणि त्याच्यापायी एका मुलीचं वाचन चार महिने अडून राहिलं, हे माझ्या लक्षात आणून देणारी पहिली व्यक्ती म्हणजे खळदकर बाई. त्यांनी ते शब्दांत सांगितलं नाही. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

तेव्हा मी त्रेचाळीस वर्षांची होते.

झालं असं, की आयटी कंपनीतली चांगली नोकरी सोडून मी शिक्षणशास्त्रात एम.ए. करायला घेतलं. विषय होता लहान मुलांना वाचायला शिकवणं. घरी हे सांगितलं तेव्हा सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी विचारलं, "वाचायला शिकवायला एम.ए. लागतं? मी तीन मुलांना शिकवलं, तेही मॅट्रिकवर." नवऱ्याने, श्रीरंगने, चष्मा काढला. तो अशा वेळी चष्मा पुसतो. मी मात्र भारावले होते. आपण मोठ्या पगारावर लाथ मारून समाजासाठी काहीतरी करतोय, असं मी स्वतःला रोज सकाळी एकदा सांगत असे आणि ओळखीच्यांना दिवसातून तीनदा.

आमच्या विभागात प्राध्यापक होते, त्यांची पुस्तकं होती, वातानुकूलित खोली होती. आणि प्रात्यक्षिकांसाठी खळदकर बाई होत्या. चौतीस वर्षं त्यांनी महापालिकेच्या शाळांमध्ये पहिली-दुसरीला शिकवलं होतं. शिक्षण डी.एड. निवृत्तीनंतर विभागाने त्यांना बोलावून आम्हां एम.ए.वाल्यांवर देखरेखीला नेमलं होतं. विभागप्रमुखांनी ओळख करून देताना 'आपल्या रिसोर्स पर्सन' म्हटलं, तर बाई शांतपणे म्हणाल्या, "मी बाई आहे. रिसोर्स त्या कपाटात आहेत."

उंची बेताची, केसांची घट्ट वेणी, खांद्याला खादीची पिशवी. पिशवीत जुने पेपर, एक पाण्याची बाटली आणि दोरीला बांधलेली बोटभर पेन्सिल. बाई पेन वापरत नसत. मुलांबद्दलची कुठलीही नोंद पेनाने करायला त्यांनी आम्हालाही बंदी केली होती. "मूल उद्या बदलतं. मग काय कराल, व्हाइटनर लावाल?" त्या सगळ्यांना अहो-जाहो करत. सगळ्यांना म्हणजे पहिलीतल्या मुलांनासुद्धा. नाक पुसत रडणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीला त्या अगदी गंभीरपणे विचारत, "आपल्याला काय झालं? आपण पाणी घेणार का?" आणि ती मुलगी रडायचं विसरून इकडेतिकडे बघायची, की हे नेमकं कोणाला चाललंय.

आम्हा बारा विद्यार्थ्यांना त्यांनी पहिल्याच आठवड्यात कन्नडची आठ अक्षरं शिकवली. त्यांच्या एका जुन्या सहकारी बाईंकडून त्यांनी ती शिकून घेतली होती. पुढच्या आठवड्यात प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला. त्याच आठ अक्षरांचे शब्द. मोठ्याने वाचायचे, सगळ्यांसमोर. मी हात वर करून पहिली गेले, कारण करंडक. दोन शब्द झाले. तिसऱ्यावर अडकले. अक्षर ओळखीचं होतं, पण ते कुठल्या आवाजाचं हे काही केल्या आठवेना. तेवढ्यात बाई माझ्या खांद्यावरून वाकल्या आणि अचानक गोड आवाजात म्हणाल्या, "सोप्पंय! बघ बरं नीट! येतंय तुला, येतंय, येतंय!"

हे शब्द ओळखीचे वाटले. ते माझेच होते. मी घेतलेल्या पहिल्या पाठाचं ध्वनिमुद्रण बाईंनी ऐकलं होतं. त्या पाठात मी हेच वाक्य अकरा वेळा म्हटलं होतं.

"कसं वाटलं, पेंडसे?" त्यांनी विचारलं. आवाज पुन्हा नेहमीचा.

"राग आला."

"कोणाचा?"

"तुमचा," मी म्हणाले. इतकं खरं मी त्या विभागात पुढे क्वचितच बोलले.

"लिहून ठेवा. मुलांनाही तुमचा येतो. ती बोलून दाखवत नाहीत, कारण ती सभ्य असतात."

बाईंची सगळी विद्या म्हटली तर एका गोष्टीत होती. त्यांना थांबता येत असे. मूल वाचत असताना आम्ही एका छापील मजकुराच्या प्रतीवर खुणा करायचो. शब्द बरोबर आला की तिरकी रेघ, चुकला तर मुलाने जे म्हटलं ते वर लिहायचं. हे सगळ्याच पुस्तकांत आहे. बाईंची भर अशी, की मूल गप्प झालं की आपला एक श्वास सोडायचा आणि एक ठिपका द्यायचा. पुढच्या श्वासाला पुढचा. दहा ठिपक्यांच्या आत तोंड उघडायचं नाही. "गप्प बसणं हीसुद्धा नोंद आहे. तिथेच काम चाललेलं असतं. तुम्ही बोललात की ते बंद पडतं." दहा श्वास म्हणजे किती वेळ, हे ज्याने अडखळणाऱ्या मुलाशेजारी काढलेत त्यालाच कळेल. माझ्या वहीत ठिपके तीनच्या वर कधी जात नव्हते. मी तेवढ्या वेळात गुदमरायचे.

त्या सगळीकडेच अशा वागत. बिबवेवाडीतल्या ज्या शाळेत आमची प्रात्यक्षिकं चालत, तिच्याजवळच्या हॉटेलात आम्ही चहा सांगायचो. एकदा वेटर सहाऐवजी चार चहा घेऊन आला आणि ट्रे धरून उभा राहिला. आमच्यातला एकजण "अरे, अजून दोन" म्हणणार तेवढ्यात बाईंनी हाताने थांबवलं. वेटरने ट्रेकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. आम्ही सहाजण त्याच्याकडे बघत बसलो. मग तो स्वतःशीच "अजून दोन" असं पुटपुटत आत गेला. "बघा," बाई म्हणाल्या. आमचे चार चहा तोवर निवले होते.

एकदा वरच्या कार्यालयातून एक साहेब शाळा बघायला आले. दुसरीतली एक मुलगी वाचत होती, बाई शेजारी जमिनीवर बसल्या होत्या. मुलगी एका शब्दाशी थांबली. साहेबांनी दोन-तीन क्षण वाट पाहिली आणि दारातूनच तो शब्द ठणठणीत आवाजात म्हणून टाकला. वर मुलीकडे बघून हसले. मुख्याध्यापिकाही हसल्या. बाई हसल्या नाहीत.

"साहेब, तो शब्द यांचा होता."

"अं?"

"यांचा होता. आपण घेतलात. आता यांना दुसरा शोधून द्या."

मुख्याध्यापिकांचा रंग उडाला. साहेब मात्र मनाने बरे असावेत. ते खरंच गुडघे मोडून खाली बसले, पुस्तकाची पानं उलटली आणि बोट ठेवून एक शब्द दिला. मुलगी त्या शब्दाकडे बघत राहिली. साहेब घड्याळाकडे बघायला लागले तशी बाईंनी त्यांच्या मनगटावरून मागे सरकलेली शर्टाची बाही हळूच पुढे ओढली आणि घड्याळ झाकलं. आठ ठिपक्यांनी शब्द आला. साहेब जाताना चपला घालत म्हणाले, "फार वेळ लागतो हो यात." बाई म्हणाल्या, "हो. म्हणूनच कोणी करत नाही."

आता माझ्या भुवयांकडे यायला हरकत नाही.

माझ्या प्रबंधासाठी मी बिबवेवाडीतल्या त्या शाळेतली तिसरीची सहा मुलं घेतली होती. वाचनात मागे पडलेली. आठवड्यातून तीन दिवस प्रत्येकाबरोबर अर्धा तास बसायचं, नोंदी ठेवायच्या आणि शेवटी प्रगती दाखवायची. या सहांत वैष्णवी ही माझी हुकमाची राणी. यवतमाळकडचं कुटुंब, वडील एका कारखान्यात, आई दोन घरी स्वयंपाकाला. मोठे डोळे आणि कमालीची शांत मुलगी. सुरुवातीला तिला दोन अक्षरी शब्दही धड लागत नव्हते. चार महिन्यांत ती माझ्यासमोर गोष्टीचं आख्खं पान वाचायला लागली. तिचा आलेख काढला तर रेघ कागदाच्या वर निघून जात होती. मी तो रंगीत छापून घेतला होता. श्रीरंगला दाखवला, सासूबाईंना दाखवला, दूध टाकणाऱ्या मावशींनाही दाखवला. मी वाचायला शिकवलेली मुलगी म्हणून मी तिच्याविषयी जे बोलत असे, त्यात मुलगी कमी आणि मी जास्त असे.

नियम असा होता, की प्रात्यक्षिकाच्या वहीवर खळदकर बाईंची सही असल्याशिवाय विभाग प्रबंध घेत नसे. सही नाही तर वर्ष वाया. नोकरी सोडून, नात्यागोत्यात दवंडी पिटून झाल्यावर वर्ष वाया घालवणं मला परवडणारं नव्हतं. पण ती काळजी मी करत नव्हते. एवढा आलेख असताना सहीला काय अडचण येणार होती?

बाई तपासणीला आल्या आणि वैष्णवीशेजारी न बसता आमच्यापासून लांब, कोपऱ्यात जाऊन बसल्या. वैष्णवीने पान वाचलं. झकास वाचलं. मी विजयी मुद्रेने बाईंकडे वळले तर त्या माझ्याकडेच बघत होत्या. बहुधा पूर्ण वेळ माझ्याकडेच बघत असाव्यात.

"नोंदी बरोबर आहेत तुमच्या," त्या म्हणाल्या. "फक्त वाचत कोण होतं ते लिहायचं राहिलंय."

मला काही कळलं नाही. बाई उठल्या, वैष्णवीच्या समोर मांडी घालून बसल्या, पिशवीतून एक जुना पेपर काढला आणि तो दोन्ही हातांनी आपल्या चेहऱ्यासमोर उघडून धरला. मग पेपरामागून आवाज आला. "पेंडसे, आपण भिंतीकडे तोंड करा."

"मी?"

"इथे दुसरे कोणी पेंडसे आहेत का?"

मी भिंतीकडे तोंड केलं. भिंतीवर फळभाज्यांचा तक्ता होता. बाहेर व्हरांड्यातून जाणाऱ्या मुलांना शिक्षा झालेली एवढी मोठी बाई बघायला मिळाली आणि त्यांनी ती संधी वाया घालवली नाही. खिडकीशी गर्दी झाली.

"वैष्णवीताई, आपण वाचा," बाई म्हणाल्या. "पुढचं पान. सावकाश."

वैष्णवीने तीन शब्द वाचले. मग काही नाही. मी दुधी भोपळ्याकडे बघत श्वास मोजत राहिले. सहा. सात. नऊ. माझे ओठ शिवशिवत होते. पंधरा झाले तरी खोलीत आवाज नव्हता. मग पुस्तक मिटल्याचा आवाज आला. जी मुलगी पानामागून पान वाचत होती तिला चार महिन्यांनंतरही चौथा शब्द लागत नव्हता.

"असू दे," बाई म्हणाल्या. पेपर खाली आला असावा. "मगाशी तर छान वाचलंत आपण. ते कसं जमलं?"

वैष्णवी अगदी मोकळेपणाने बोलली. आपलं काही चुकलंय असं तिच्या गावीही नव्हतं. "मॅडमच्या तोंडावर दिसते ना मंग. मॅडम आधी ओठातल्या ओठात म्हनते. तेच आपन मोठ्यानं म्हनाचं. बरोबर असलं की भिवया वर जाते. चुकलं की नाक असं बारीक होते." आणि तिने ते करून दाखवलं असावं, कारण खिडकीतली मुलं हसली.

मी भाज्यांकडेच बघत राहिले. वळायची हिंमत नव्हती. मुलगी चार महिने मन लावून वाचत होती, यात काहीच खोटं नव्हतं. ती पुस्तकाऐवजी मला वाचत होती. इतक्या बारकाईने मला लग्नाच्या नवऱ्यानेही कधी वाचलेलं नाही. आणि मी त्या वाचनाचा आलेख रंगीत छापून आणला होता. मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या मुलीची कीव आली, कारण तिने एवढी मेहनत चुकीच्या पुस्तकावर घेतली होती.

बाईंनी वही परत दिली. सहीची जागा रिकामी होती. "दीड महिना आहे अजून," एवढंच त्या म्हणाल्या.

यानंतर मी जे केलं ते सांगायला नको, पण सांगते. मी लगेच सुधारले वगैरे नाही. मी आधी विभागातल्या माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. त्यांनी कागद चाळले आणि म्हणाले, "एक मूल वगळा. तळटीप टाका. सहाचे पाच झाले तर आभाळ कोसळत नाही." मला ते फार पटलं. मग उरलेल्या पाच मुलांसमोर मी घरातलं आरसा लावलेलं कॅलेंडर तोंडापुढे धरून बघितलं, तर आरशात स्वतःला बघून ती हसायलाच लागली. पेपर धरला तेव्हा समजलं, की दोघांना खरंच वाचता येत होतं आणि तिघं माझ्या नाकाची जाणकार होती. चार मुलं वगळून दोन मुलांचा प्रबंध कसा लिहितात, हे सरांनी सांगितलं नव्हतं.

मग मी बाकरवडी घेऊन बाईंच्या घरी गेले. शाळेच्या मागेच त्यांचा दोन खोल्यांचा फ्लॅट होता. बाईंनी बाकरवडी बशीत काढली, दोन खाल्ल्या, "ताजी आहे" म्हणाल्या. मी वही टेबलावर अशी ठेवली, की सहज हात जावा. मी घरगुती अडचणी सांगितल्या, सासूबाईंचं गुडघेदुखीचं सांगितलं, नोकरी सोडल्याचं पुन्हा सांगितलं. बाई ऐकत होत्या. मी थांबले. त्याही थांबल्या. त्या शांततेत माझ्याकडून किती ठिपके झाले ते मोजायची सोय नव्हती, पण शेवटी मीच म्हणाले, "बाई, तिला वाचता येत नाहीये."

"हं," बाई म्हणाल्या. "आता सुरू करा." आणि वही माझ्या हातात दिली.

चेहरा गप्प ठेवायचा सराव मी घरी सुरू केला. श्रीरंग रात्री जेवताना ऑफिसातल्या भांडणाची हकिगत सांगायचा, तेव्हा मी एकही रेघ हलू न देता ऐकायचे. तिसऱ्या दिवशी त्याने भाजीची वाटी खाली ठेवून विचारलं, "मी काय केलंय ते सांगशील का?" सासूबाईंनी आपल्या बहिणीला फोन करून कळवलं, की आमच्या सुनेचं काहीतरी बिनसलंय, एम.ए. तिला झेपत नाहीये. माझ्या माहेरीही बातमी पोचली आणि आई फोनवर "घरी ये चार दिवस" म्हणाली. एकूण चेहरा काही जमेना. मग मी बाईंचाच मार्ग धरला आणि रोज घरचा पेपर घेऊन शाळेत जायला लागले.

पहिले दोन आठवडे भयंकर गेले. मी पेपरामागे, वैष्णवी पुढे. ती थांबायची आणि पेपराच्या कडेने डोकावून माझा चेहरा शोधायची. मी पेपर हलवायचे. ती दुसऱ्या कडेने यायची. एकदा तर ती खालून आली. पण मग हळूहळू डोकावणं कमी झालं आणि बोट शब्दावर टेकायला लागलं. ठिपके बारा, ठिपके नऊ, ठिपके अकरा. पहिल्या इयत्तेची पुस्तकं घेतली होती. अक्षर, मग काना, मग वेलांटी. तिचा खरा आलेख जमिनीलगत सरपटत होता, आणि मी पेपरामागे बसून मुकाट एकच बातमी पुन्हापुन्हा वाचत असे, त्यातलं काहीही डोक्यात न शिरता.

पाचव्या आठवड्यात एका मंगळवारी वैष्णवीने पुस्तकातल्या चार ओळी वाचल्या आणि थांबली. मी ठिपके द्यायला लागले. पाचव्या ठिपक्याला ती बोलली, पण ते शब्द पुस्तकातले नव्हते. "गुरु...वारी. पा...णी. पुर...वठा. बंद."

मी पेपर हलू दिला नाही. तिकडे बोट कागदावर सरकल्याची सळसळ मला पेपराच्या अलीकडून जाणवत होती. ती माझ्या पेपराच्या तिच्याकडच्या बाजूचं वाचत होती.

"मॅडम, गुरुवारी नळ येत नाही. इथं लिहेलं हाये. बिबवेवाडी बी लिहेलं हाये." मग जरा काळजीने, "मायले सांगाव लागन."

तिने आईला सांगितलं. आईने पिंप भरून ठेवलं. गुरुवारी त्यांच्या गल्लीत दोनच घरांत पाणी होतं आणि त्यातलं एक वैष्णवीचं. शुक्रवारी ती शाळेत आली ती अशा थाटात, की पालिकेची सभा तिनेच चालवली होती. त्याच बातमीत आमच्याही भागाचं नाव होतं, हे मला मात्र त्या गुरुवारी सकाळी डोक्याला शिकेकाई चोळून झाल्यावर कळलं. मंगळवारी तोंडासमोर तोच पेपर धरून बसले होते, पण त्या बाजूचं मी वाचलंच नव्हतं.

पुढच्या तपासणीला बाई वैष्णवीशेजारी बसल्या. पेपर धरायची गरज पडली नाही. वैष्णवीने पहिलीच्या पुस्तकातलं एक पान वाचलं, थांबत, अडखळत, एकदाही वर न बघता. बाईंनी वही घेतली, दोरीची पेन्सिल सोडवली आणि सही केली. माझे डोळे भरून आले. चेहऱ्यावर काय काय झालं असेल ते मला ठाऊक नाही, वैष्णवीने नक्की टिपलं असेल.

विभागातल्या क्लार्कने वही परत केली. पेन्सिलची सही चालत नाही म्हणे. मी पुन्हा बाईंकडे. बाईंनी कुठूनतरी एक निळं पेन शोधलं, झाकण काढून दोनदा कागदावर घासलं आणि पेन्सिलच्या सहीवरून शाई फिरवली. "मुलांचं मी पेनाने लिहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं लिहायला हरकत नाही. तुम्ही आता काय बदलणार?"

प्रबंधाला फारसे गुण मिळाले नाहीत. खरा आलेख परीक्षकांना फार उत्साहवर्धक वाटला नाही. एक प्रकरण मी शिक्षकाच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं, ते त्यांनी विनोदी धरलं. मी आता दोन शाळांत मुलांबरोबर बसते, पेपर घेऊन. बाईंशी फोनवर अधूनमधून बोलणं व्हायचं. त्या फोनवरही थांबायच्या आणि मी दर वेळी "हॅलो, हॅलो" करायचे.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा फोन आला. बाईंना अर्धांगाचा सौम्य झटका आला होता. चालणं-बोलणं बऱ्यापैकी सुधारलं होतं. "पण वाचता येत नाही तिला," मुलगी म्हणाली. "अक्षरं दिसतात, जुळत नाहीत. डॉक्टर म्हणतात येईल कदाचित, सराव करा. मी मदत करायला गेले तर ती पुस्तक मिटते." ज्या बाईने चौतीस वर्षं दुसऱ्यांना वाचायला लावलं तिला पेपरातली ओळ लागत नाही, हे मला दोन दिवस पचलंच नाही. नंतर मी त्यांना भेटायला वारज्याला गेले.

आठव्या मजल्यावरचा मुलीचा फ्लॅट. बाई खिडकीशी खुर्चीत बसल्या होत्या. वेणी आता मुलगी घालत असावी, जरा सैल होती. मांडीवर पहिलीचं पुस्तक, डावा हात त्यावर. मला बघून म्हणाल्या, "या, पेंडसे. बघा कोण पहिलीत आलंय." मुलगी चहा टाकायला आत गेली.

त्यांनी न सांगता वाचायला सुरुवात केली. बोट शब्दाखाली. पहिला शब्द आला. दुसरा आला. तिसऱ्यावर बोट थांबलं. मी तो शब्द पाहिला होता. साधा, तीन अक्षरी. माझे ओठ शिवशिवले, भुवया निघाल्याच होत्या, आणि बाईंनी मान वर केली ती थेट माझ्या चेहऱ्याकडे. त्या शोधत होत्या. खळदकर बाई माझ्या चेहऱ्यावर शब्द शोधत होत्या. हे बघवेना. टीपॉयवर पेपर होता, तो मी उचलला आणि घाईघाईने तोंडासमोर धरला. डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे मला पलीकडचंच काय, अलीकडचंही काही दिसत नव्हतं.

श्वास मोजायला लागले. तीन. पाच. आठ. आतून मुलीने कप मांडल्याचा आवाज. अकराव्या श्वासाला तिकडून तो तीन अक्षरी शब्द आला, तुकड्यातुकड्यांत, पण बाईंच्या आवाजात. मग पुढचा. मग बराच वेळ काही नाही.

"पेंडसे."

"हं."

"पेपर उलटा धरलाय तुम्ही. सरळ करा. मला माझ्याकडच्या बाजूचं वाचायचंय."

मी पेपर फिरवला. खाली घेतला नाही. त्या बाजूला काय छापलंय ते मी पाहिलं नव्हतं, त्यामुळे मदत करायची म्हटली तरी करता आली नसती. खुर्ची पुढे सरकल्याचा आवाज आला. कागदावर, माझ्या नाकासमोर, बाहेरून एक बोट टेकलं आणि हळूहळू सरकायला लागलं.

"गु...रु...वारी," बाई म्हणाल्या आणि थांबल्या. चार ठिपके झाले. "पुढे काय असणार ते मला माहीत आहे. पण थांबा. वाचून सांगते."